लेकीला न चालणारं ताट

भाद्रपद लागला की आमच्या वर्धेकडच्या हवेचं काही खरं नसतं. सकाळी ऊन असं कडक पडतं की वाटावं, संपला बाई पावसाळा. आणि दुपारी एक सर येते नि दोरीवरचे सुकलेले कपडे पुन्हा भिजवून जाते. कपाशीला पात्या, म्हणजे कळ्या, धरलेल्या असतात, सोयाबीनच्या शेंगा भरत असतात, आणि अंगणात ओल्या मातीचा, कुजल्या गवताचा, झेंडूच्या पानांचा असा एक मिसळलेला वास सुटतो. या वासानं गावातल्या बायांना महालक्ष्म्यांचे वेध लागतात. मलाही लागतात, नाही कशाला म्हणू? पण औंदा वेध लागायच्या आधी मागच्या वर्षीची धास्ती आठवली.

काल माळ्यावरची पेटी उतरवून मुखवटे काढले. जुन्या मऊ लुगड्यात गुंडाळलेले असतात. ज्येष्ठेच्या नाकाचा शेंडा जरासा उडालेला आहे, कनिष्ठेची एक भुवई फिकट झाली आहे. ओल्या फडक्यानं हळूच पुसताना वाटतं, तापातून उठलेल्या पोरीचं तोंड पुसतो आहोत. इतकी वर्षं पुसत आले, पण पुसता पुसता यांच्याशी मनातल्या मनात भांडायला मी मागच्या भाद्रपदापासून शिकले. मागच्या भाद्रपदात माझी संध्या घरी परत आलेली होती. ती या घरात राहील की नाही, आणि राहिली नाही तर कुठे जाईल, या एका काळजीत तो अख्खा महिना गेला. त्याचीच आठवण वासाबरोबर आली.

तुमच्याकडे गौरी म्हणत असतील, आमच्याकडे महालक्ष्म्या. दोघी बहिणी, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. लोखंडी कोठ्यांवर मुखवटे बसवायचे, चांगली लुगडी नेसवायची, दागिने घालायचे. पहिल्या दिवशी येतात, दुसऱ्या दिवशी जेवतात, तिसऱ्या दिवशी जातात. येतात कशा, तर माहेरवाशिणी म्हणून. लेकी म्हणून. हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावरच आहे.

संध्या आली ती श्रावणात, भर दुपारी, केळझरच्या फाट्यावर बसमधून उतरून. एक पिशवी, एक छत्री. अंगणात उभी राहिली तेव्हा मला वाटलं, सणाला आली. माझ्या तोंडून निघालंच, "अवं, सांगितलं नाई, जावई कुठं आहेत?"

ती म्हणाली, "आई, पह्यले पानी दे."

पाणी पिऊन तिनं सांगितलं ते एवढंच. लग्नाआधी ती ज्या दवाखान्यात नर्स होती तिथला एक कंपाउंडर हिंगणघाटच्या बाजारात भेटला, ही त्याच्याशी हसून बोलली. घरी गेल्यावर नवऱ्यानं कानाखाली वाजवली. पहिल्यांदा नव्हे. सासू शेजारी वाती वळत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "बाईनं नजर सांभाळाव."

यांनी, म्हणजे माझ्या मालकांनी, सगळं ऐकून घेतलं आणि चपला घालून वावरात निघून गेले. त्यांचं तसंच आहे. आनंद झाला तरी वावरात, राग आला तरी वावरात. मला मात्र कुठं जायची सोय नव्हती. दुसऱ्या दिवसापासून बाया दही मागायला, विरजण मागायला, काही नाही तर नुसत्याच दाराशी येऊ लागल्या. विचारायच्या एकच, "किती दिवसासाठी आली वो संध्या?" मी म्हणायची, "पाहू." घरात येऊन बघायची तर ती भिंतीला टेकून बसलेली. ऐकलेलं असायचंच तिनं.

आता माझी एक खोड सांगते. मी चौथीपर्यंत शिकले. पण वाचायचा नाद सुटला नाही. पोथ्या, पुराणं, पुडीचे कागद, जे हाती येईल ते वाचलं. शिकवायला कोणी नव्हतं म्हणून अडलं की तिथंच बसून विचार करायचा, दुसरं काय? आमच्या गावात श्रावणात पारायण असतं. त्या वर्षी महाराजांनी नेमकी सतीची कथा लावली. बापानं यज्ञ मांडला, सगळ्यांना बोलावलं, लेकीला नाही. ती तरी गेली, माहेर म्हणून गेली. बापानं भरल्या मांडवात तिच्या नवऱ्याला नावं ठेवली, तिला बसा म्हटलं नाही, आणि तिनं स्वतःला जाळून घेतलं. मग तिचा देह खांद्यावर घेऊन महादेव फिरला, देहाचे तुकडे पडले, आणि जिथं जिथं तुकडा पडला तिथं तिथं देऊळ झालं.

मांडवातल्या बाया हात जोडून डोळे पुसत होत्या. माझे डोळे कोरडे पडले. मला दुसरंच दिसत होतं. जिवंत होती तेव्हा बापाच्या घरी तिला एक पाट मिळाला नाही. मेल्यावर मात्र गावोगाव देवळं. हे कसलं कौतुक? आणि मांडवातून उठून मी जवळजवळ धावत घरी आले. संध्या परसात भांडी घासत होती. गोठ्यालगतच्या खोलीत फवारणीच्या औषधाचे डबे असतात, त्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली कंबरेला खोचली.

चार-दोन दिवसांनी तिच्या ध्यानात आलं. म्हणाली, "आई, औषधाच्या खोलीले कुलूप काऊन लावलं?"

"मांजर जाते आत."

"मांजर?" ती हसली. घरी आल्यापासून पहिल्यांदा हसली. "अवं, मराचं असतं तर तिथंच नसती का मेली? एवढं बसचं तिकीट काढून काऊन आली असती?"

मीही हसले. पण किल्ली काढली नाही. विहिरीकडे गेली की मागोमाग मी काहीतरी निमित्त काढून जायची. त्या दिवसांत कढीपत्ता इतका तोडला मी, की झाडाचं एक अंग बोडकं झालं.

महालक्ष्म्या आल्या. त्यांच्या आधी मोठ्या जाऊबाई आल्या. मोठे भाऊजी दुकानासाठी तळेगावला जाऊन राहिले त्याला जमाना झाला, पण देव मूळ घरी, म्हणजे आमच्याकडे. म्हणून दरवर्षी जाऊबाई पोरं-सुना घेऊन येतात. बाई मनानं वाईट नाही, हे मी आधीच सांगून ठेवते. माझ्या बाळंतपणात माझे पाय चेपलेत तिनं. आली की घर भरतं, तिच्या आवाजानंच अर्धं भरतं. आल्या आल्या संध्याला जवळ घेतलं, गालावरून हात फिरवला, "किती वाळली वो माय माही," म्हणून डोळ्यांत पाणी आणलं. आणि मला स्वैपाकघरात ओढून म्हणाल्या, "इंदू, मुखवट्याले हात नको लावू देजो तिले."

"काऊन?"

"अवं, काऊन का म्हणतं? सवाष्ण म्हणाव तर नवऱ्याचं घर सोडून आली. कुमारिका म्हणाव तर तेही नाई. तिचं का ते ठरू दे पह्यले. आपल्याले का हाऊस आहे का? रीत आहे."

रीत. लहानपणी उंबऱ्यापासून देवीपर्यंत कुंकवाची पावलं संध्या काढायची. मूठ वळून ठसा, वर बोटांचे पाच ठिपके. तिच्याइतकी रेखीव पावलं कोणाची निघत नव्हती. त्या दिवशी जाऊबाईंच्या सुनेनं काढली. एक पाऊल फेंगडं, एक तिरपं, बोटं तर कुठल्या कुठे. संध्या दाराआडून बघत होती. मला म्हणाली, "आई, यंदा देवी लंगडत आली वाट्टे." मी पदर तोंडाला लावला. हसू की रडू तेच कळेना.

ज्येष्ठेला कोठीवर बसवताना मला तिची गोष्ट आठवली. समुद्र घुसळला तेव्हा लक्ष्मीच्या आधी ही निघाली म्हणतात. मोठी बहीण. पण हिच्याशी लग्नाला कोणी तयार नाही. मोठीचं झाल्याशिवाय धाकटीचं कसं करायचं, म्हणून एका ऋषीच्या गळ्यात बांधली. त्याच्या आश्रमात हिचं मन रमेना, त्याला ही चालेना. त्यानं हिला पिंपळाखाली बसवलं, "मी येतोच," म्हणाला आणि आलाच नाही. ती तिथं रडत बसली. पुराणात तिला अवदसा म्हटलं आहे, अलक्ष्मी म्हटलं आहे. घरात येऊ नये म्हणून लोक काय काय करतात.

आणि आमच्या बाया बघा! कोणी आणि कधी ठरवलं देव जाणे, पण टाकलेल्या ज्येष्ठेला त्यांनी धाकटीच्या शेजारी आणून उभं केलं. सारखं लुगडं, सारखी वेणी, सारखा नैवेद्य. पंडितांनी तिला घराबाहेर ठेवलं, बायांनी हाताला धरून घरात आणलं, असं मी आपलं समजते. चूक असेल तर असो. पण ते धाडस ज्या कोणा बाईनं पहिल्यांदा केलं तिची सून, तिच्या सुनेची सून, अशा आम्ही सगळ्या, आणि दारी आलेल्या जित्या लेकीला म्हणतो, मुखवट्याला हात लावू नको. दगडामातीच्या ज्येष्ठेचं आम्हाला चालतं. बोलणारीचं चालत नाही.

दुसरा दिवस जेवणाचा. पुरण, ज्वारीची आंबील, कढी, सोळा भाज्या, वर टांगलेल्या फुलोऱ्याच्या करंज्या. घरभर तुपाचा आणि धुराचा वास, पोरांची पळापळ. नैवेद्याची दोन ताटं देवींपुढे ठेवायची, पडदा ओढायचा आणि सगळ्यांनी बाहेर गप्प उभं राहायचं. लेकी निवांत जेवतात आतमध्ये. पडदा उघडला की ती दोन ताटं घरच्या सुनांनी खायची. ज्येष्ठेचं मोठ्या सुनेनं, कनिष्ठेचं धाकट्या सुनेनं. ही आमच्या घरची रीत. दुसऱ्या कोणाला चालत नाही. लेकीला तर मुळीच नाही. लग्न होईपर्यंत एखादा घास देतात, अक्षता पडल्या की तोही बंद, कारण ती परक्या कुळाची झाली.

म्हणजे बघा, देवी लेक म्हणून आली, लेक म्हणून जेवली, आणि तिचं ताट लेकीला चालत नाही. मी कुठली? पार आर्वीकडची. लग्नाआधी या घराचा दरवाजा पाहिला नव्हता. मला चालतं. आणि जी याच माजघरात जन्मली, याच देवींसमोर रांगली, तिनं बाहेर पंगतीत बसायचं. इतकी वर्षं ते ताट मी जेवले आणि कधी घास अडला नाही. त्या दिवशी पडद्याबाहेर उभी असताना मात्र ते ताट आपलं वाटेना. मी ठरवून काही केलं नाही. पडदा उघडला, ज्येष्ठेचं ताट जाऊबाईंनी घेतलं, कनिष्ठेचं मी उचललं आणि माझ्या पाटावर न बसता ओसरीत गेले. संध्याच्या पुढ्यात ठेवलं.

"खाय," म्हटलं.

घरातल्या पन्नास माणसांनी माना वळवल्या. जाऊबाई हातात घास घेऊन तशाच. "इंदू," त्या हळूच म्हणाल्या, "कुळाचं ताट आहे ते. डोकं फिरलं का तुहं?"

मी म्हटलं, "हेही कुळाचंच आहे जी. माह्या पोटाचं."

मला वाटलं, आता संध्या रडेल, नाहीतर माझ्या गळ्यात पडेल. तिनं ताट माझ्याकडे सरकवलं. आवाज अजिबात चढवला नाही. "आई, सगळ्यायसमोर मले देवी नको करू," ती म्हणाली. "देवीले तीन दिवस ठेवतात. चांगलं नेसवतात, चांगलं खाऊ घालतात, अन् तिसऱ्या दिवशी दहीभात देऊन लावून देतात. मले राह्यचं आहे."

आणि उठून पंगतीतल्या इतर बायांसारखी साधी पत्रावळ घेऊन वाढून घेतलं, आणि जेवली. व्यवस्थित जेवली. मी ते ताट पुढ्यात घेऊन एकेक घास कितीतरी वेळ चघळत बसले.

पुष्कळदा वाटतं, मी तिचा मान ठेवायला गेले आणि तिला सगळ्यांसमोर उघडं पाडलं. पण तिचं बोलणं मनातून जात नाही. माहूरची रेणुका आमच्याकडे घरोघरी पुजतात. तिची गोष्ट तर सगळ्यांना ठाऊक. नदीवर पाणी भरताना कोणा राजाची जलक्रीडा दिसली, क्षणभर मन तिकडे गेलं, आणि नवऱ्यानं पोराला सांगितलं, आईचं डोकं उडव. पोरानं उडवलं. त्या पोराला आज्ञाधारक म्हणून अजून नावाजतात. आणि गडावर आपण काय पुजतो? नुसतं शिर. मी गडावर गेले होते तेव्हा पुजाऱ्यानं हात भरून कुंकू दिलं, मी कपाळाला लावलं, मला काही वाटलं नाही. आता वाटतं. बाजारात एका ओळखीच्या माणसाशी हसली म्हणून कानाखाली खाल्लेल्या पोरीची मी आई आहे. गोष्टीतल्या बाईचं डोकं गेलं तेव्हाच ती देवी झाली. तोवर ती घागर भरणारी एक बाई होती, आणि घागर भरणाऱ्या बाईला क्षणभर इकडेतिकडे बघायचीही मुभा नव्हती. मी देवीला मानते हं. रोज दिवा लावते. पण तिच्या गोष्टी सांगणाऱ्यांना कधीतरी समोर बसवून विचारावंसं वाटतं, तुम्हाला बाई जिवंत असताना का हो नाही आवडत?

तिसऱ्या दिवशी महालक्ष्म्या गेल्या. मुखवटे पेटीत, लुगडी घडी घालून कपाटात. आमच्या घरात त्यांची एक वेगळी खोली आहे, मोरीच्या पलीकडची. वर्षभर बंद. तिथं कोणी झोपत नाही, तीन दिवस देवी बसतात म्हणून. संध्या आल्यापासून ओसरीत झोपत होती, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेखाली, पावसाचे शिंतोडे अंगावर घेत. आणि खोली आपली रिकामी.

जाऊबाई निघायच्या तयारीत होत्या. तेवढ्यात खरखर आवाज झाला. बघते तर हे संध्याची खाट ओढत त्या खोलीत नेत होते.

"भाऊजी, देवीच्या खोलीत?" जाऊबाई ओरडल्याच.

"देवी गेल्या न वहिनी," हे म्हणाले. "खोली रिकामी आहे."

"अन् पुढच्या वर्षी कुठं बसतीन त्या?"

"पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी."

जाऊबाई ऑटोत बसताना माझ्याशी बोलल्या नाहीत. पण मोठ्या भाऊजींना म्हणाल्याचं कानावर आलं, "जिथं टाकलेली लेक झोपते तिथं माही देवी बसणार नाई. पुढच्या साली कनिष्ठेचा मुखवटा तरी आपण तळेगावले आणू." वर्षभर ते वाक्य माझ्या उशाशी होतं. दोघी बहिणींना वेगळं करायचं? एकीला एका घरात, दुसरीला दुसऱ्या? पिंपळाखालची गोष्ट पुन्हा? आणि त्याला कारण माझी पोर. गावात बोलायला अजून एक विषय.

संध्याला पौषात सेवाग्रामच्या दवाखान्यात नोकरी लागली. कोर्टात तारखा चालू आहेत. किल्ली मी कंबरेतून कधी काढली ते आठवत नाही. विहिरीवर तिच्या मागोमाग जाणं मात्र अजून सुटलं नाही.

आज महालक्ष्म्या यायच्या. सकाळी ड्युटीला जायच्या आधी संध्या खाटेवरची गादी गुंडाळत होती.

"का करतं?"

"तीन दिवस पडवीत टाकते खाट. काकू येतीन न."

हो म्हटलं असतं तर किती सोपं होतं! घरात शांतता राहिली असती, दोघी बहिणी एकत्र राहिल्या असत्या, जाऊबाई हसत आल्या असत्या. "राहू दे तिथंच," मी म्हटलं.

"आई, तुले भेव नाई लागत?"

"लागते न. लय लागते. पण राहू दे."

मग दोघींनी मिळून खाट भिंतीला सरकवली आणि उरलेल्या जागेत कोठ्या मांडल्या. जागा पुरेना. कनिष्ठेच्या लुगड्याचा घोळ खाटेवर येतो. खुंटीला संध्याचा दवाखान्याचा दुसरा पांढरा कोट, शेजारी ज्येष्ठेचा हार. असं कधी कोणी मांडलं नसेल. ती ड्युटीला गेली आणि मी दिवसभर खोलीत आत-बाहेर करत राहिले. एकदा खाटेवर नवी चादर घातली, एकदा काढली, पुन्हा घातली.

दुपारी ऑटो वाजला. जाऊबाई उतरल्या. येतील की नाही हेच ठाऊक नव्हतं. मागच्या सीटवर झाकण उघडी अशी एक रिकामी पेटी होती. मुखवटा मावेल एवढी. ती मी पाहिली, आणि पाहिली नाही असं केलं. पाया पडले. त्या सरळ देवीच्या खोलीकडे गेल्या. मी मागून.

दारात थांबल्या. कोठ्या बघितल्या, कोट बघितला, खाट बघितली. उन्हातून आल्यानं धाप लागली होती. खोलीत बसायला दुसरं काहीच नव्हतं. क्षणभर उंबऱ्याला धरून उभ्या राहिल्या, आणि मग आत जाऊन खाटेच्या कडेवर बसल्या. कनिष्ठेच्या लुगड्याचा घोळ त्यांच्या मांडीखाली आला. त्यांनी तो हातानं सोडवला, नीट केला, निऱ्या बसवल्या.

"संध्याची?" चादरीवर हात ठेवून त्यांनी विचारलं.

"हो जी."

आता उठतील. आता पेटी मागवतील. मी चौकटीला घट्ट धरून उभी.

"पानी तं दे इंदू," त्या म्हणाल्या. "अन् पोरगी कधी येते ड्युटीवरून? कुंकवाची पावलं काढाची राह्यली आहेत, अन् माह्या सुनेले तं येत नाईत."